दोन माणसांची नाव

३ जानेवारी, शनिवार

बुक केलं! मी नाही – नंदितानं. पिचावरम्‌च्या खाडीत कयाक वल्हवायला शिकवतात. नवशिक्यांसाठी दोन तास, रविवार पंचवीस तारीख, सकाळी सात. दोघांना मिळून एक नाव. फॉर्म तिनंच भरला, माझं वजनही तिनंच लिहिलं – चार किलो कमी! मग फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आतां नाहीं म्हणूं नका."

नाही कसा म्हणणार? सव्वादोन वर्षांत बायकोनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

अम्माला सांगितलं, चिदंबरम्‌ला दर्शनाला जातोय. अम्मा खूश. खोटं बोलायला मला हल्ली काही कष्टच पडत नाहीत. हात बसलाय.

५ जानेवारी, सोमवार

शिकवणाऱ्या साईकुमारनं सूचनांची यादी पाठवली. जीन्स नको, लवकर वाळणारे कपडे घाला. पायात पट्ट्याच्या चपला. चष्म्याला दोरी. कोरड्या कपड्यांची वेगळी पिशवी. भरल्या पोटी येऊ नका. पोहता येत नसेल तर आधी कळवा, लाइफ जॅकेट देऊच.

मी कळवलं, "येतं." नंदितानं कळवलं, "येत नाही, पण भीती वाटत नाही." माझं बरोबर उलटं आहे.

दिवसभर आडुतुरैला भात संशोधन केंद्रात बी तपासत बसलो, येताना बाजारात चष्म्याची दोरी घेतली. दुकानदार म्हणाला, म्हातारे लोक नेतात ही. नेतात तर नेऊ देत.

८ जानेवारी, गुरुवार

गच्चीवर सराव! दोन पाट एकामागे एक. पुढे नंदिता, मागे मी, दोघांच्या हातात फरशी पुसायचे दांडे. मागच्यानं पुढच्याच्या तालावर वल्हवायचं, असं व्हिडिओतला माणूस सांगतो. माझा दांडा दोनदा तिच्या दांड्यावर आपटला, तिसऱ्यांदा तुळशीच्या कुंडीवर. ती हसली – इतकी मोठ्यानं, की खालून अम्मानं विचारलं, "वर कोण आलंय गे?"

कोणी नाही, अम्मा. तुझी सूनच आहे.

घरातली बाई हसली तर पाहुणी आली असं वाटावं! आणि हे कोणामुळे? लिहीन. उद्या लिहीन.

९ जानेवारी, शुक्रवार

लिहितो. ही वही अम्माला वाचता येत नाही, नंदितालाही नाही. मराठी सगळेच बोलतो, पण त्या दोघी लिहितात-वाचतात तमिळ. देवनागरी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, फक्त मला शिकवली. चोराला बरं कुलूप मिळालं.

आमच्याकडे नेम आहे. बायको पोटुशी असली की नवऱ्यानं केस कापायचे नाहीत, प्रेताला खांदा द्यायचा नाही, समुद्रात उतरायचं नाही. अप्पांनी पाळला. अम्माला तोंडपाठ आहे. मी हसायचो.

सव्वादोन वर्षांपूर्वी नंदिताला चौथा महिना होता. केंद्रातले चौघे रविवारी पूम्पुहारला समुद्रावर निघाले, मीही निघालो. घरी सांगितलं, कामावर बोलावलंय. गुडघ्याएवढ्या पाण्यात नाही – डोकं बुडवून, तासभर. सहा दिवसांनी सगळं गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोणाचाच दोष नाही, गर्भ मुळातच नीट वाढत नव्हता. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. समुद्रानं काही केलं नाही, हे मला पक्कं कळतं. पण अम्माला दोष कुठंतरी ठेवायचाच होता. नंदिता तेव्हा स्कूटरनं दारासुरम्‌ला जायची, विणकरांकडच्या साड्या आणून विकायची, धंदा चांगला चालला होता. अम्मा म्हणाली, "स्कूटरीनं घात केला. मी सांगटलें होतें. ऐकली नाहीं." एकदा नाही. माझ्या आत्यासमोर, शेजारच्या अलमेलुमामींसमोर, देवळात, फोनवर.

आणि मी? अम्माच्याच कायद्यानं गुन्हेगार मी होतो! एक वाक्य पुरलं असतं – अम्मा, मी समुद्रात गेलो होतो. बोललो नाही. खाली मान घालून सांबार-भात कालवत राहिलो. नंदितानं स्कूटर सोडली, मग दारासुरम् सोडलं, मग साड्या. मी बघत होतो. लाज वाटते. लिहूनही कमी होत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

पोंगल. ऊस, गोड भात, पाहुणे. लिहायला सवड नाही. – खोटं. सवड आहे, तोंड नाही.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी नंदिता न्हाणीच्या दारात उभी. हातात ती पट्टी. दोन रेघा!

आनंद झाला. खरंच झाला, मी तिथंच पाटावर बसलो. आणि पाठोपाठ पूम्पुहार आठवलं. ती म्हणाली, "रडतां कां असे?" काय सांगू?

दुपारी डॉक्टरीणबाईंकडे. सगळं ठीक आहे. "ह्या वेळी काळजी नको, पण नावेत बसणं मात्र राहू दे," म्हणाल्या. नंदितानं बाहेर आल्यावर फोनवर साईकुमारची यादी उघडली. मग म्हणाली, "तुम्ही तरी जाऊन या. मज व्हिडिओ दाखवा." स्वतःसाठी मागितलेली एकुलती एक गोष्ट, तीही मलाच देऊन मोकळी झाली.

१८ जानेवारी, रविवार

अम्माला सांगितलं. तिनं डोळे पुसले, विठोबापुढे दिवा लावला, नंदिताच्या तोंडात साखर घातली. अप्पा असते तर, म्हणाली.

मग नेम सुरू. मला – केस नको, खांदा नको, समुद्र नको. "तुज आठवण आहे ना रे प्रवीण?" आहे म्हणालो. मग नंदिताकडे वळली. "मागलें झालें तें झालें. ह्या वेळीं तरी सांभाळून राहा अम्मा." सुनेला अम्मा म्हणते ती, लाडात असली की. लाडातही तेच!

नंदिता म्हणाली, "हो."

हो म्हणाली! आणि संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना मला विचारते, "खरंच स्कूटरीमुळें झालें असेल का हो?"

"वेडी आहेस का? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"त्या सगळ्यांनाच तसें म्हणतात."

म्हणजे सव्वादोन वर्षं ती हे खरं मानतेय. मला वाटत होतं, नुसतं ऐकून घेते. तिला स्वतःलाच ते पटलंय, आणि पटवणाऱ्यांत मी पहिला. गप्प राहून पटवलं.

२० जानेवारी, मंगळवार

साईकुमारचा फोन. मॅडम येत नसतील तर एका माणसाची नाव देतो, कळवा. कळवतो म्हणालो.

मग एक मूर्खपणा केला. आमचे भटजी शंकरनारायण यांना फोन लावून विचारलं – खाडी म्हणजे समुद्र, की नदी? ते म्हणाले, "पाणी खारट की गोड?" म्हटलं, खारट. "मग मज कशाला विचारतोस?" आणि फोन ठेवला.

नेमावर माझा विश्वास नाही. तरी पळवाट शोधत होतो! विश्वास नसलेल्या नेमातून पळवाट शोधणारा माणूस, त्याला काय म्हणावं? आणि समजा खाडी गोडी निघाली असती, तरी पूम्पुहार कुठं गोडं होणार होतं?

२२ जानेवारी, गुरुवार

साईकुमारला कळवलं, कोणीच येत नाही. नंदिता रुसली. "माझ्यामुळें तुमचेंही गेलें." माझ्यामुळें! हा शब्द तिच्या तोंडात किती सहज येतो! तिच्या पोटात जे आहे त्याचं उद्या काही कमीजास्त झालं, तर ती पुन्हा हाच शब्द म्हणेल, अम्मा पुन्हा मान डोलावेल, आणि मी पुन्हा भात कालवीन. नाही. बस झालं.

२४ जानेवारी, शनिवार

सांगितलं.

दुपारी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. कामाची थाप, चौघे जण, डोकं बुडवून पोहणं. मला वाटलं, समुद्रावरून भांडेल. तिनं समुद्राचं नावही काढलं नाही.

"म्हणजे अम्मा मज बोलत होत्या तेव्हां तुम्ही तिथेंच बसला होता."

"हो."

"दर वेळीं."

"हो."

हातातला शर्ट तिनं उलगडला, पुन्हा घडी घातली. "उद्यां अम्मांना सांगा. माझ्यासमोर. मज दुसरें कांहीं नको."

एवढंच? मग हे सोपं आहे! अम्मा भडकेल, मला वाटेल ते बोलेल, चार दिवस माझ्याशी बोलणार नाही. बोलू दे. पण एकदा तिच्या तोंडून निघालं की दोष तुझा रे, माझ्या सुनेचा नव्हे – की नंदिता सुटली. उद्या सकाळी सातला खाडीत असायचो, त्याऐवजी स्वयंपाकघरात. कितीतरी दिवसांनी श्वास पुरा आत जातोय.

२५ जानेवारी, रविवार

अम्मा विळीवर केळफूल चिरत होती. सांगितलं, नंदितासमोर. अम्माचा हात थांबला नाही. "मज ठाऊक आहे. तुझ्या पँटींतली वाळू मीच झाडली होती. पोटच्या पोराचें नांव कसें घेऊं?"

नंदितानं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. दुपारच्या गाडीनं माहेरी गेली, पापनाशम्‌ला. मी पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत गेलो. डब्यात चढल्यावर पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "बाळंत झालें कीं घरचे कळवतील."