रविवार मीच मागितला होता

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

'उमरोळीकरांनो, आपल्या गावात काय यावं हे आपल्याला कधी कोणी विचारलंच नाही!' — भाषणाची सुरुवात ठरली. बोईसरच्या एका कपडे शिवणाऱ्या कंपनीला गावाशेजारी दुसरी शेड हवी आहे. जनसुनावणी ३० तारखेला, रविवारी. आधी बुधवार होता. कष्टकऱ्यांनी रोज बुडवून यायचं का, असा कोळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आवाज चढवला — आणि रविवार मिळवला!

१८ नोव्हेंबर

गरीब देशात कारखाना येतो तो स्वस्त हातांसाठी. चाळीस वर्षं वाचून हेच मत झालं आहे, आणि तेच बोलणार. पण मग पाड्यावरच्या बायका पहाटे कंपनीची बस धरायला पळतात त्या का? विचारायला हवं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाड्यावर गेलो. जमना अंगणात गोधडी धूत होती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्या घरची माणसं दिवाळी सरली की वीटभट्टीवर जायची, मुलीची शाळा सोडवून. आता जमना त्याच कंपनीत कॉलर शिवते. मुलगी सपना आठवीत आहे.

कारखाना चांगला की वाईट, विचारलं. म्हणाली, भट्टीवर कोणी नावानं हाक मारत नव्हतं, इथे गळ्यात नावाचं कार्ड आहे. पण ते ठेकेदाराचं! बाळंतपणाला गेलेल्या बाईला तो परत घेत नाही. शेड यावी, पण बायकांना कंपनीनं स्वतः कामावर घ्यावं — एवढं सुनावणीत लिहून घ्या म्हणाली.

हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. मग तूच बोल, म्हटलं.

"कदी बोलू, गुरुजी? तुमी रविवार मागितला. आमची सुटी शुक्रवारची. म्हणून तर आज घरी हाय."

ओट्यावरून तिची सासू ठकी म्हणाली, "गुरुजींचं कॅलेंडर अजून शाळेचंच हाय!"

२२ नोव्हेंबर

शुक्रवारी औद्योगिक वसाहत बंद असते हे इथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक. मलाही होतं. बोलण्याच्या भरात आठवलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तारीख बदलायचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, रविवारही तुमचाच हट्ट होता ना? हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

२७ नोव्हेंबर

५ डिसेंबर मिळाली. शुक्रवार. जुनं भाषण फाडलं. नवं एवढंच —

उमरोळीकरांनो, मी बोलायला उठलो तर मला खाली बसवा. आधी जमनाला बोलू द्या.