वायर निघाल्यावर

२१ नोव्हेंबर, मंगळवार
कापसाच्या जिनिंगवरून सलीमभाईंचा फोन. कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. ते तिथल्या वजनकाट्यावर बसतात. त्यांच्या खिडकीबाहेर आमच्या कंपनीचा छोटा स्क्रीन आहे, शेतकऱ्याला आपल्या मालाचं वजन दिसावं म्हणून. चाचणीसाठी मीच लावून घेतला. स्क्रीन चालवणारा कोड, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तोही माझाच. आज ट्रॉलीचा दांडा वायरीत अडकला आणि वायर निघाली. स्क्रीन जाणार हे कळतं. पण अख्खा कॉम्प्युटर?
"ताई, मरन तं स्क्रीन मरन ना. पुरी मशीन काऊन मरते?"
बघते म्हणाले. काय बघणार, माहीत नाही. इथे घरी टेबलावर दहादा वायर ओढली, काही होत नाही. मग एकदम होतं.

२२ नोव्हें., बुध.
कालची ट्रॉली गिरजाकाकूंची होती. आमच्या शेताला लागून त्यांचं शेत, नवरा गेल्यापासून एकट्या करतात. ट्रॉली काट्यावर असतानाच सगळं बंद पडलं. मागे रांग, आरडाओरडा, म्हणून कोणीतरी ट्रॉली पुढे घेतली आणि कापूस ढिगात ओतला. आता परत मोजणार कसा? सलीमभाईंनी डोळ्यांनी पाहिलेला आकडा लावला.
संध्याकाळी काकू ओट्यावर येऊन बसल्या. चहा नको म्हणाल्या.
"तो खोटं बोलला असं मी नाही म्हनत. मले दिसलं नाही, येवढंच म्हनतो."
स्क्रीन माझा आहे हे त्यांना माहीत आहे की नाही, कळलं नाही.

२४ नोव्हें., शुक्र.
थोडं उमगलं. वायर निघाली की माझं फंक्शन चालतं, आणि मी तिथल्या तिथे सगळी मेमरी मोकळी करून टाकते. पण वजनाचा प्रोग्राम तर अजून स्क्रीन उघडून बसलेला! त्याला काय माहीत. तो पुढचा आकडा पाठवतो, माझा कोड मोकळ्या केलेल्या जागेत हात घालतो, की सगळं कोसळतं. आणि जागा अजून दुसऱ्या कोणाला दिली गेली नसेल तर काहीच होत नाही. म्हणून कधी होतं, कधी नाही.
म्हणजे वस्तू गेली तरी तिचं सामान लगेच आवरायचं नाही. शेवटचा धरणारा सोडेल तेव्हाच. आणि तोवर हार्डवेअरला कोणी हात लावायचा नाही. वाचायला सोपं आहे.

२७ नोव्हें., सोम.
सोपं नाही. आता कोसळत नाही, अडकतं. चित्र पाठवणारं काम मागे चालू असतं. ते थांबेपर्यंत मी कुलूप (एका वेळी एकालाच आत सोडणारं) धरून वाट बघते, आणि त्या कामाला पुढे जायला तेच कुलूप हवं. दोघं एकमेकांची वाट बघत. पुण्याहून के. सर (आमचे लीड) : "आधी 'गेला' अशी खूण कर, आत असलेल्यांना बाहेर पडू दे, मग काम थांबव. कुलूप न धरता." दोनदा सांगितलं. मीही दोनदा हो म्हणाले. फोन ठेवला आणि परत गोंधळ.
बाबांचं वेगळंच चाललंय. कपाशीची पऱ्हाटी आत्ता उपटून हरभरा पेरायचा की कापसाचा अजून एक वेचा घ्यायचा. बोंडं फोडून बघतात, आत गुलाबी अळी. "बीटी आली तवा म्हनत होते, बोंडअळीचं नावच नाही घ्यायचं." आई म्हणाली, उपटा. म्हणाले, उपटतो. गेलेच नाहीत.

२९ नोव्हें., बुध.
झालं. म्हणजे बहुतेक. क्रम बदलला, कुलूप काढलं. नवा ड्रायव्हर घेऊन स्वतः जिनिंगवर गेले. सलीमभाईंनी वायर ओढली, मी ओढली, रांगेतल्या एकाने हौसेने ओढली. कॉम्प्युटर जिवंत. परत लावली की स्क्रीनवर आकडा हजर. सलीमभाईंनी स्वतःच्या डब्यातली शेवयांची खीर दिली. फार दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

२ डिसें., शनि.
सलीमभाईंचा फोन, आवाज पडलेला. वायर सकाळीच कधीतरी निघाली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी कॉम्प्युटर बंद पडायचा, म्हणून निदान कळायचं. आता आत त्यांच्यासमोर सगळं ठीक, वजनं चालू. बाहेर स्क्रीन काळा. दुपारी एकाने त्यांची गचांडी धरली. म्हणे मुद्दाम बंद ठेवला.
"मले काय मालूम ताई. माह्या इकडं तं बराबर दिसत होतं."
तपासून बघितलं. खरंच. स्क्रीन गेल्यावरही प्रोग्राम आकडे पाठवत राहतो, माझा कोड ते घेतो, टाकून देतो आणि म्हणतो, झालं. हे मीच लिहिलंय. सुरक्षित म्हणून.

४ डिसें., सोम.
के. सर म्हणतात, बरोबरच आहे. वस्तू गेली असा निरोप आपण पाठवतो. तो ऐकणं प्रोग्रामचं काम. पण हा जुना प्रोग्राम ऐकतच नाही. लिहिणारा कुठे गेला, सलीमभाईंनाही ठाऊक नाही. 'झालं'ऐवजी चूक कळवून बघितली, तर प्रोग्रामच बंद पडतो आणि काटा थांबतो. परत तेच, परत रांग.
मग बरोबर कोण? सरांचं खोटं नाही. सलीमभाईंचंही नाही. आणि ज्याने त्यांची गचांडी धरली तोही खोटं बोलत नव्हता.
सर: "उद्यापर्यंत हो म्हण, हा ड्रायव्हर सगळीकडे पाठवायचाय." म्हणजे आणखी किती खिडक्यांबाहेर

(आईने हाक मारली. राहिलं.)

५ डिसें., मंगळ.
बाबांनी अर्धी पऱ्हाटी उपटली, अर्धी ठेवली. का, तर सांगता येत नाही म्हणाले.
सलीमभाईंना खरं काय ते सांगितलं. नीट समजलं नसावं. म्हणाले, "म्हंजे खराबी हाय का नाही, येवढं सांगा." मी आधी नाही म्हणाले. मग हो म्हणाले.
संध्याकाळी गिरजाकाकू आल्या. उद्या त्यांचा शेवटचा वेचा जातोय.
"पोरी, तू चाल माह्यासंग. तुले त्यातलं समजते."
"काकू, स्क्रीन चालू असला तं तुम्हालेच दिसन."
"आन नसला तं?"
नसला तर मी आत जाऊन सलीमभाईंच्या शेजारी उभी राहीन, आकडा वाचेन आणि बाहेर येऊन काकूंना सांगेन. म्हणजे पुन्हा त्यांनी दुसऱ्याच्याच डोळ्यांवर... येते म्हणाले.
सरांचा मेसेज दोनदा येऊन गेला. 'हो' लिहिलंय. पाठवलेलं नाही.