उस्तादांची पाणबुडी आणि माझा स्विच

उस्ताद, त्या स्विचची खरी किंमत आधी सांगतो. सुटे भाग किरकोळ होते. पण दोन पंप जळाले, बायकोचा घट्ट झाकणाचा पिठाचा डबा त्यात कापला गेला, अंगठ्याला फोड आला, आणि झोप गेली ती अजून परतलेली नाही.

तुमच्या मुलीनं, आपानं, तुमची पाणबुडी माझ्या दुकानात आणून ठेवली. हातभर लांब, पितळी पत्र्याची, रेडिओ दुरुस्तीतून उरलेल्या वेळात तुम्ही ठोकून ठोकून केलेली. तुम्ही गेल्यावर तुमचं बाकी सगळं भंगारात गेलं. तुमच्या हातची म्हणावी अशी ही एकच वस्तू उरली. आपा म्हणाली, "अंदर का सामान सड़ गया. एक बार पानी में चलती दिखाओ. फिर मैं बेटे के पास चली जाती." नाही कसं म्हणणार?

हवा होता तो स्विच कोटीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात एकाही दुकानात मिळाला नाही. रिमोटची कळ दाबली की पंपानं टाकीत पाणी घ्यायचं, बोट बुडते. उलटी दाबली की पाणी बाहेर, बोट वर. एवढं सोपं आहे. पण पाण्याखाली सिग्नल कधीही तुटतो, आणि तुटला की कुणी न सांगता स्विचनंच पंप उलटा फिरवायला हवा. नाहीतर बोट तळाला. शेवटी मीच बनवला आणि पाणी शिरू नये म्हणून त्या कापलेल्या पिठाच्या डब्यात बंद केला. गच्चीवरच्या ड्रममध्ये बोट बुडवून रिमोट बंद केला, पंप घुरघुरला, बोट वर आली. झालं, म्हटलं.

तुमचं जामबागेतलं दुकान आठवतं. मी गावाकडून नुकता आलेला, तुम्ही मला 'गाववाले' म्हणता. स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रान्सफॉर्मरला आणि मूठ कानाला लावून मी रेडिओचा आजार सांगतो, तुम्ही मान डोलावता. एकदा मी एक रेडिओ लावून न बघताच गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तुम्ही त्याच्यासमोरच म्हणता, "गाववाले, चलेंगा बोलके नक्को देओ. चलाके देओ." तो गेल्यावर आपल्या बशीतलं अर्धं उस्मानिया बिस्कीट माझ्याकडे सरकवता. बोलण्यापेक्षा त्या बिस्किटाची शरम जास्त वाटली होती.

शहराबाहेर एका जुन्या दगडखाणीत पाणी साठलंय. हौशी लोक रविवारी सकाळी तिथं आपल्या बोटी सोडतात. पहिल्या बुडीला शेपटीला दोरा बांधायचा, हा त्यांचा रिवाज. एकानं दोरा पुढे केला. आपा बघत होती. मी म्हणालो, "दोरा कायकू? मेरा स्विच है. नीचे रुकेंगीच नहीं." सगळे हसले. आपा हसली नाही. "लाओ, मैं छोड़ती," म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून, काठावर बसून, बराच वेळ घेऊन तिनं ती पाण्यात ठेवली.

गेली सुरेख. काळ्या पाण्यात पितळ पिवळं, मग हिरवं, मग काहीच नाही. मी उलटी कळ दाबली. थांबलो. पुन्हा दाबली. मग रिमोट बंदच केला, की निदान सिग्नल तुटल्यावर तरी स्विच जागा होईल. पाणी तसंच. कुणाकडून तरी ॲल्युमिनियमची काठी घेतली, एक टोक पाण्यात, एक कानाला. पंपाची घुरघुर मी झोपेतही ओळखीन. ऐकू आली ती फक्त माझी छाती. तळ किती खोल, कुणालाच माहीत नव्हतं. आपाकडे मान वळवायची हिंमत होईना. बापाची उरलेली एकच वस्तू मी हसत हसत बुडवली, हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात करत होतो.

मग पलीकडच्या कपारीपाशी ती वर आली. अलगद, नाक आधी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी त्या घेतल्या.

घरी येऊन पाहिलं तर पोटाखालच्या कडीला तोलासाठी मी तारेनं बांधलेलं शिशाचं वजन नव्हतं. तारही नव्हती. आपाला फोन केला.

"तुम्हारी तार मैं खोल दी," ती म्हणाली. "वजन मिश्री के खड़े में अटका दी. मिश्री घुली, वजन गिरा, ऊपर आ गई. अब्बा हर बार ऐसाच करते थे." म्हणजे माझ्या तारेच्या जागी खडीसाखर.

"मेरे स्विच पे भरोसा नहीं था, आपा?"

"था ना. मिश्री पे ज्यादा था."

त्या मंडळींना मी अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी त्यांतल्या दोघांना तसाच स्विच हवाय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे पत्र मराठीत लिहिलं. टाकणार तर कुठंच नाही.

काल स्विचचा डबा उघडला. पंपाची एक तार बुडी मारल्यावर सुटली होती. ड्रममध्ये बघताना ती नुसती पिळून जोडली होती. सोल्डर करायची राहून गेली होती.