फुंकल्याशिवाय सुरू न होणारी गाडी

आर्लिस,

घरात शोधत बसू नकोस. चीजच्या कारखान्यात मी आज माझा मी गाडी घेऊन जातोय, आणि रीतसर परवान्याने. काल मिळाला. परवान्याच्या कचेरीत खिडकीमागची बाई म्हणाली, "कामावर, चर्चला, किराण्याला. बाकी कुठे जायचं तर बायकोच्या पाया पडा." म्हणजे तुझ्या बहिणीकडे मला गाडी नेता येणार नाही. मला फार वाईट वाटलं, असं मार्जला सांग.

मी पिऊन गाडी चरात घातली आणि परवाना गेला, तेव्हापासून सगळा हिवाळा तू नाइटगाऊनवर कोट चढवून मला पहाटे सोडत आलीस. एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर सोपं गेलं असतं. आज पोटभर झोप.

काल रात्री तू झोपायला आलीस तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं, कारण एक गोष्ट सांगवेना. मेकॅनिकने गाडीत श्वासातली दारू ओळखणारं यंत्र बसवलंय. नळीत फुंकल्याशिवाय ती सुरू होत नाही, मग चालवणारं कोणीही असो. रविवारी चर्चहून मार्जकडे जाताना गाडी तू चालवशील, तेव्हा चर्चसमोर सगळ्यांच्या देखत तुलाही फुंकावं लागेल. जन्मात बिअरचा घोट न घेतलेल्या बाईला. माफ कर. आणि मार्जचा रमचा केक खाऊन लगेच फुंकू नकोस.

मी आत्ताच फुंकून आलो. गाडी बाहेर चालू आहे.

संध्याकाळी दारात तू माझा मुका घेतेस तो कशासाठी, ते मला माहीत आहे. वास घ्यायचं काम आता यंत्राकडे गेलं. आज नुसता मुका घे.

वेन्डेल