हत्यारं खाली ठेवून वाचावे

मी, खाली सही करणार, वय वर्षे चोवीस, धंदा दोरीला लटकून उंच इमारती आणि धुराडी रंगवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दाब म्हणाल तर मुकादमाचा आहे. उद्या सकाळी जुन्या गिरणीच्या धुराड्यावर चढायचं, आणि त्याआधी प्रत्येकाने आपल्या मागे काय कोणाला ते लिहून द्यायचं, असा त्याचा नियम. "दोन ओळी पुरे," म्हणाला. मी जादा कागद मागितला तर म्हणतो, "तुझ्याकडे आहे काय एवढं वाटायला?" वाटायला फार नाही. सांगायला आहे.

एक. माझे बूट आणि दोरीचा पट्टा माझ्या जोडीदाराला. बूट त्याला सैल होतील, मोजे दोन घालावेत. हे बूट मी बंदरावर घेतले. तिथे पोती उचलत होतो, आणि तिथला स्वयंपाकी असा वल्ली होता की... ते राहू दे.

दोन. बँकेत जे असेल ते ताईला. अट एवढीच की दाजींना न विचारता खर्च करावं.

तीन. माझी सायकल बाबांना. त्यांच्याच दुरुस्तीच्या दुकानात, भंगारातल्या चार सायकली मोडून मी ती बांधली. घड्याळवाल्या काकांनी तिला हात लावू नये.

इथे खुलासा करणं भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, पोरगा शुद्धीत नव्हता.

घड्याळवाले काका म्हणजे समोरच्या दुकानातले. त्यांचा धर्म वेगळा, आणि पक्ष बाबांच्या पक्षाच्या नेमका उलटा. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की रस्ता ओलांडून येतात आणि आमच्या उलट्या खोक्यावर बसतात. बाबांनी पाना खाली ठेवायचा, काकांनी डोळ्यावरचं भिंग काढायचं. मग एकाने बोलायचं, आणि उत्तर देण्याआधी दुसऱ्याने त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगून दाखवायचं. पहिला "बरोबर" म्हणाला तरच पुढे.

"म्हणजे तुझं म्हणणं, आमचा नेता चोर आहे," बाबा म्हणायचे.

"चोर मी म्हटलंच नाही. पुन्हा सांग."

"बरं. तुझं म्हणणं, त्याला जाब विचारला पाहिजे."

"बरोबर."

"मग आता तुझ्यावाल्याचं ऐक!"

आणि दोघं खो खो हसायचे. पंक्चरच्या टबाशी बसून मी हे लहानपणापासून पाहिलं आणि आतल्या आत जळत राहिलो. काकांचा देवच वेगळा, तरी त्यांना चहा. माझा देव बाबांचाच, तो खरंच आहे का एवढंच मी विचारलं, तर मला "बाहेर हो आधी." माझ्यासाठी बाबांनी पाना खाली ठेवला नाही. लिहूनच ठेवतो, एकदाही नाही.

चार. घर सोडताना काकांनी दिलेलं मनगटी घड्याळ काकांना परत. ते एक मिनिटही मागे पडत नाही, याचाच राग येतो.

घर का सोडलं तेही लिहितो. एका दुपारी मी टायरांच्या थप्पीमागे असताना बाबांनी काकांना एक गोष्ट सांगितली. मी लहान असताना आई दवाखान्यात वारली, तेव्हाची. मला कधी सांगितली नव्हती. मला नाही, त्यांना सांगितली! काकांनी ती हळू आवाजात जशीच्या तशी बोलून दाखवली, आणि बाबा "बरोबर" म्हणाले.

तीन दिवसांनी देवावरून आमचं वाजलं. मी म्हटलं, तुमचा नियम मलाही येतो. आणि तीच गोष्ट बोलून दाखवली, पण बाबांच्या आवाजात, त्यांच्या खोकल्यासकट. चाकाच्या तारा ताणत होते ते थांबले. नुसतं म्हणाले, "जा." तेव्हापासून तीन वर्षं मी जातोच आहे.

पाच. हा कागद दुपारी, दुकानात, हत्यारं खाली ठेवून वाचावा. बाबांचं म्हणणं आता माझ्या आवाजात सांगतो:

डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. आत ती, बाहेर मी. त्या बाकावर माझ्याजवळ दुसरं कोणी नव्हतं, तोच एक होता. तो आहे की नाही, खुशाल विचार. पण त्या वेळी जो माझ्याजवळ बसला, त्याला हसू नकोस.

बाबा, असंच ना?

"बरोबर" ऐकायला मी नसलो, तर माझ्या जागी काकांनी ऐकावं. तो हक्क त्यांना देतो. देताना पोटात दुखतंय, तरी देतो, कारण माझं चुकलं असेल तर माझ्या वतीने न ओरडता पुन्हा सांगणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

मुकादम आताच खांद्यावरून वाचून म्हणाला, "आणि उतरलास तर?" उतरलो तर पाचवं कलम सोडून बाकी सगळं रद्द. ते पाचवं घेऊन मी स्वतः दुकानात येईन. त्या दिवशी खोकं मला मोकळं पाहिजे. काकांनी उभं राहावं.

ठिकाण: गिरणीच्या आवारातली पत्र्याची खोली
तारीख: चौदा, दुपारी चार वाजता
लिहून देणार: धाकटा
साक्षीदार: मुकादम ("फार लांबलंय" असं म्हणून सही केली)
साक्षीदार: दोरीवरचा जोडीदार (बूट घालून पाहिले, तक्रार नाही)

बरोबर असल्यास बाबांची सही: ....................