होकाराचं बटण

प्रिय येमाने,

मी ओस्लोत खासदार झाले तेव्हा तू कंपालाहून फोनवर ओरडलास, "ताई, आता माझा व्हिसा घरचाच!" चारच महिन्यांनी भावंडांना बोलावण्यावर बंदी घालणारा कायदा आला. पक्षाचा आदेश होता. मी होकाराचं बटण दाबलं. तुझा अर्ज त्याच कायद्याने फेटाळला.

मग राजकारण सोडलं. आता आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. काल एका विद्यार्थिनीने विचारलं, "असल्या कायद्याला मत देणाऱ्यांना झोप तरी कशी लागते?"

"मला विचार. मला लागत नाही," मी म्हणाले.

उद्या त्या कायद्याविरुद्ध कोर्टात साक्ष आहे. तिथेही सगळं सांगेन. फक्त तुलाच सांगवत नाही. हे पत्रही टाकवणार नाही.

तुझी ताई,
लेतेब्रहान