क्षमादीदीचा रविवार

प्रिय क्षमादीदी,

त्या दिवशी फोनवर मी तुले 'सगळं फर्स्ट क्लास' म्हटलं ना, ते अर्धंच खरं होतं. मावशीचं डायलिसिस सुरू झालं अन् तू नागपूरची नोकरी सोडून येते म्हणालीस, तेव्हा मीच मोठ्या जोशात म्हटलं होतं, तुझ्या आईले आम्ही सगळे मिळून पाहू. ड्यूटीचं शीट बनवलं, प्रत्येकाले एकएक कलर दिला. ऑफिसच्या प्रोजेक्टले पण एवढं डोकं लावलं नाही कधी. ते शीट खरंच फर्स्ट क्लास चालू आहे. सोमवार-बुधवार-शुक्रवार उदयमामा बीरगांवच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून येतात अन् तिले दवाखान्यात नेतात. डबा ममताकाकूचा, भाजी उकळून पाणी फेकलेली, मीठ नावालेच. बाकी जिथं फट पडते तिथं मी.

पण चार महिने झाले. थकलो गं. सगळेच थकले. मामा बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या घोरतात, नर्स येऊन विचारते, भैया, पेशंट कौन है? काकूच्या गुडघ्यानं जवाब दिला, तरी जिना चढून येतेच, अन् वरून मलेच टोमणा, 'पोट्ट्या, तुया शीटात गुडघ्यासाठी कॉलम नाही का?' अन् मावशी काय करते, माहीत आहे? दार वाजलं की उठते. डबा आणणाऱ्याले चहा करून पाजते. स्वतः दिवसभर पाणी मोजून प्यायचं अन् दुसऱ्यासाठी गॅसपाशी उभं राहायचं! मी चिडलो तं म्हणे, घरी आलेल्या माणसाले तसंच पाठवू का?

परवा शीट घेऊन तिच्यापाशी बसलो. विचारलं, यात काही बदलू का? मले वाटलं, डब्याचं बोलेल. ती बराच वेळ कलर पाहत राहिली. मग म्हणे, बेटा, एक दिवस रिकामा ठेव ना. कोणीच नको. म्हटलं, कोणता? म्हणे, रविवार.

मी म्हटलं, अगं, रविवार तं क्षमादीदीचा. म्हणे, म्हणूनच.

शुक्रवारनंतर थेट सोमवारी मशीन. रविवारपर्यंत अंगात पाणी साचते, पाय सुजतात, दोन पावलांत दम लागते. अन् त्याच दिवशी तू पहाटेची गाडी पकडून येतेस. म्हणून सकाळीच आंघोळ, इस्त्रीची साडी, सूज दिसू नये म्हणून मोजे. तुझ्यासंगं जेवते, हसते. तू स्टेशनले निघालीस की भिंतीकडे तोंड करून पडते, दुसऱ्या दिवशीपर्यंत एक शब्द नाही. हे मले पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. पाय मीच चेपून देतो ना. पण तू ग्रुपवर फोटो टाकून राहिली होतीस, 'आई किती फ्रेश दिसते', सगळे माझ्या शीटची तारीफ करून राहिले होते. मी चूप बसलो. सॉरी, दीदी.

तुले खरं सांगायचं नाही, काही तरी बहाणा करून थांबव, अशी शपथ तिनं मले घातली आहे. फोनवर बोलावं तं ती बाजूलेच असते, म्हणून लिहून राहिलो. बहाणा शोधायलेच बसलो होतो. पण मले वाटते, तू ये. फक्त यावेळी कळवून नको येऊ. तिले मोजे घालायले वेळच नको मिळायले. ती नुसती पडून राहील, तू बाजूले पडून राहा. की तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, तं तो रिकामा रविवार चुपचाप देऊन टाकावा? तुले काय वाटते?

तुझाच,
विराज